पूर्व सिन्नरमध्ये दोन एकर डाळिंब: बोअर, शेततळे आणि सरकारी खाती, आधी कोणाकडे जायचे?

प्रश्न असा आहे: सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात सहा एकर मुरमाड जमीन आहे. जुनी विहीर मार्चमध्ये तळ गाठते. दोन बोअर कोरडे गेले. दोन एकर डाळिंब लावायचे आहे. जमीन-पाण्याची माहिती सरकारच्या कोणत्या खात्याकडे मिळते, मदत काय मिळते आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात अनुदानापासून करू नका. अनुदान ठरावीक मापाच्या कामाला मिळते: विहीर, शेततळे, अस्तरीकरण, ठिबक. ते काम तुमच्या रानाला लागू पडते की नाही, हे अर्ज भरताना कोणी तपासत नाही. ते सांगणारी खाती वेगळी आहेत आणि त्यांच्याकडे फार थोडे शेतकरी जातात. भूगर्भातल्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, मातीसाठी कृषी विभागाची मृद सर्वेक्षण व मृद चाचणी प्रयोगशाळा, पावसासाठी कृषी विभागाचे महारेन संकेतस्थळ आणि महसूल मंडळनिहाय बसवलेली महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे. या तिन्हींची माहिती हातात आली की कोणत्या योजनेत अर्ज करायचा हे जवळजवळ आपोआप ठरते.

आधी पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वर्षाला ५०० मिमी पाऊस धरला तर एकरावर सुमारे २० लाख लिटर पाणी पडते. त्यातले जमिनीत किती मुरते? भूजल मोजणीच्या प्रचलित निकषांत झिजलेल्या बेसाल्टसाठी पावसाच्या ६ ते ८ टक्के आणि सच्छिद्र, सांधे असलेल्या बेसाल्टसाठी १२ ते १४ टक्के धरतात. तुमच्याकडे ७ टक्के धरले तर एकरी १ लाख ४० हजार लिटर, म्हणजे सहा एकरांत मिळून ८ लाख ४० हजार लिटर. आता डाळिंबाची बाजू पाहा. साडेचार बाय तीन मीटरवर एकरी ३०० झाडे बसतात. फळावरच्या पूर्ण वाढलेल्या झाडाला उन्हाळ्यात रोज ४० लिटर धरले तर एकराला १२,००० आणि दोन एकरांना २४,००० लिटर लागतात. सहा एकरांत वर्षभरात मुरलेले सगळे पाणी दोन एकर बाग ३५ दिवसांत पिऊन टाकते. शेजारच्या रानातून, वरच्या डोंगरउतारावरून थोडे पाणी येते हे खरे, पण तुमच्या रानातलेही खाली जाते. म्हणून तिसरा, चौथा बोअर हे उत्तर नाही. बोअर पाणी तयार करत नाही, असलेल्या साठ्यापर्यंत नळी नेतो, एवढेच.

पहिली दोन वर्षे हे लक्षात येत नाही, कारण लहान झाडाला दिवसाला आठ-दहा लिटर पुरतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरले की टँकर सुरू होतो. हिशेब लावणीआधीच करायचा तो यासाठी.

आता भूजल यंत्रणा. ही यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिली. मुख्यालय पुण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठ भूवैज्ञानिकांचे कार्यालय. राज्याची विभागणी त्यांनी दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत केली आहे आणि त्यात ठिकठिकाणी निरीक्षण विहिरी निवडल्या आहेत. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. कार्यालयात जाताना गावाचे नाव आणि गट नंबर न्या आणि तीन गोष्टी मागा. तुमचे गाव कोणत्या पाणलोटात येते आणि त्याचा दर्जा काय, सर्वांत जवळची निरीक्षण विहीर कोणती, आणि तिच्या मागच्या काही वर्षांच्या चारही नोंदी.

या नोंदी वाचायच्या कशा, ते सांगतो. पातळी जमिनीपासून खाली मीटरमध्ये दिलेली असते, म्हणजे आकडा मोठा तितके पाणी खोल. ऑक्टोबरमध्ये ३ मीटर आणि जानेवारीतच ९ मीटर असेल, तर उपशाबरोबरच पाणी उताराने नाल्याकडे निघून जाते आहे. वरचा थर पातळ आहे, तो टिकवून धरत नाही. अशा ठिकाणी विहीर खोल करून फारसे हाती लागत नाही. खालच्या बाजूला पाणी अडवणे आणि पावसाळ्यातले पाणी वर साठवणे हाच मार्ग. उलट जानेवारीपर्यंत पातळी बऱ्यापैकी टिकते आणि मार्चनंतर कोसळते असे दिसले, तर साठा आहे, उपसा जास्त आहे. तिथे पीक आणि पाण्याची पाळी बदलून फरक पडतो. एकाच वर्षाची नोंद पाहून निष्कर्ष काढू नका. चांगल्या पावसाच्या वर्षानंतरचा मे आणि तुटीच्या वर्षानंतरचा मे शेजारी ठेवून बघा.

पाणलोटाचा दर्जाही महत्त्वाचा, कारण योजना त्यावर अडतात. वर्षभरात भरणाऱ्या भूजलापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, ७० ते ९० टक्के अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के शोषित आणि १०० च्या पुढे अतिशोषित. अनुसूचित जातींसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना यांतून नव्या विहिरीला मदत मिळते, पण पाणी उपलब्धतेचा दाखला लागतो आणि अंशतः शोषितपासून पुढच्या पाणलोटांत नवी विहीर बसत नाही. रोजगार हमीच्या विहिरीलाही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरची अट आहे. हे न पाहता अर्ज केला की फाइल वर्षभर फिरते आणि शेवटी दाखल्यावर थांबते. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटले आहे आणि शेतीसाठी तशा खोदाईवर बंधने घातली आहेत. साडेतीनशे-चारशे फुटांचा बोअर मारून देतो म्हणणारा गाडीवाला तुम्हाला हे सांगणार नाही.

विहीर-बोअरची जागा दाखवण्याचे काम यंत्रणा खासगी शेतकऱ्यालाही ठरलेले शुल्क भरून करून देते. अर्जासोबत सातबारा आणि गटाचा नकाशा जोडा, चलन भरा. भूवैज्ञानिक आधी आजूबाजूच्या विहिरींची खोली, पातळी आणि थर पाहतो, मग विद्युत प्रतिरोधकतेची मोजणी करतो. जमिनीत चार कांड्या रोवून वीज सोडतात आणि कांड्यांमधले अंतर वाढवत खोल खोल थरांचा विरोध मोजतात. आपल्याकडे ढोबळमानाने १० ओहम-मीटरच्या आत आले तर चिकण माती, २० ते ५० मध्ये पाणी धरणारा झिजलेला किंवा फुटलेला खडक, आणि १०० च्या पुढे अखंड काळा पाषाण. मोजणी चुकते ती बहुधा तीन कारणांनी. जवळून विजेची लाइन जाते, जमिनीत लोखंडी पाइप किंवा तारेचे कुंपण असते, किंवा वरची माती इतकी कोरडी असते की कांडीला जमिनीचा नीट स्पर्श होत नाही. शेवटच्यावर उपाय सोपा आहे. कांडीभोवती मिठाचे पाणी ओतायचे. आदल्या दिवशी या तिन्ही गोष्टी भूवैज्ञानिकाच्या कानावर घाला.

तुमचे दोन बोअर कोरडे का गेले, याचा अंदाजही इथेच येतो. नाशिक जिल्हा जवळजवळ सगळा दख्खनच्या बेसाल्टवर बसला आहे. वरून माती, मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊ) खडक, मग काळा पाषाण आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा थर. पाणी असते ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. साडेसहा इंची बोअर नेमका भेग चुकवून अखंड पाषाणातून गेला तर बाजूला दहा फुटांवर पाणी असून तो कोरडाच. विहिरीचा घेर मोठा असल्याने ती जास्त भेगा कापते. म्हणून आधी जुन्या विहिरीकडे बघा. ती मांजऱ्या थराला कापत असेल, तर त्या पातळीवर, झरे येतात त्या बाजूला, आडवे बोअर घेणे नव्या उभ्या बोअरपेक्षा जास्त भरवशाचे. बोअर मारताना दर दहा फुटांचा भुगा बाजूला काढून ठेवायला सांगितले असते तर थर कळले असते. पुढे कधी मारलाच तर हे करून घ्या आणि भुगा पिशव्यांत खोली लिहून जपून ठेवा.

मातीकडे वळतो. डाळिंबासाठी नेहमीचा २० सेंटिमीटरचा नमुना पुरत नाही. बागेच्या जागी खड्डा घेऊन ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन वेगळे नमुने घ्या. रंग, उतार, खोली बदलते तिथे वेगळा संच. बांध, झाडाखालची जागा, विहिरीजवळचा भाग, शेणखताच्या ढिगाची जागा टाळा. रासायनिक खत टाकून तीन महिने झालेले असावेत. एका थराची चार-पाच ठिकाणची माती गोणपाटावर एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, उन्हात नाही. खताची किंवा औषधाची रिकामी पिशवी वापरली की स्फुरद, पालाश, जस्त यांचे आकडे खोटे येतात. ही चूक फार जण करतात. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, थराची खोली, आधीचे पीक आणि घ्यायचे पीक लिहा. चिठ्ठी मातीत टाकू नका, ओलीने शाई जाते. दुहेरी पिशवीच्या मधल्या जागेत ठेवा.

मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक येतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबे, बोरॉन. यात मुक्त चुना नसतो, आणि तुमच्या भागात खरी अडचण तोच करतो. चुनखडी जास्त असली की मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शेतकरी फवारण्या करत राहतो. म्हणून प्रयोगशाळेत मुक्त चुन्याची चाचणी वेगळी मागा, खालच्या थरांची तर नक्कीच. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब मातीवर टाकून फेस येतो का पाहिले तर अंदाज रानातच मिळतो. १० टक्क्यांच्या पुढे चुना असेल तर त्या तुकड्यात बाग लावण्याचा हट्ट धरू नये. पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ०.४ च्या खाली असेल तर कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम. क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत हवी.

विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करा. पंप १५-२० मिनिटे चालू द्या, एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, हवा न ठेवता काठोकाठ भरा आणि २४ तासांत पोहोचवा. अहवालात ‘अवशिष्ट सोडियम कार्बोनेट’ हा आकडा पाहा. १.२५ पर्यंत ठीक, २.५ च्या पुढे पाणी बागेला घातक. ठिबकमधून असे पाणी वर्षानुवर्षे दिले की जमीन घट्ट होते आणि ड्रिपर चुन्याने बुजतात.

आता शेततळे, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हा कमाल अनुदान ५०,००० रुपये होते. २०२२ मध्ये ‘मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजने’त ते ७५,००० पर्यंत गेले. खोदकाम आणि अस्तरीकरण हे दोन वेगळे घटक आहेत, दोन्हींचा अर्ज वेगळा. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे तळे, बाजूंचा उतार १:१, म्हणजे तळ २४ बाय २४, यात २,१९६ घनमीटर, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. मुरमात १:१ चालते. काळ्या मातीत १.५:१ ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात कड ढासळते. मुरमाड जमिनीत अस्तर नसले तर दिवाळीपर्यंत तळे रिकामे होते. अस्तराला ५०० मायक्रॉनचा मानांकित प्लास्टिक कागद घ्या. तळ आणि उतार मिळून १,०३४ चौरस मीटर, वरची पट्टी चरात दाबायला धरून साधारण १,१६० ते १,२०० चौरस मीटर. अंथरण्याआधी टोकदार दगड वेचून तळावर बारीक माती पसरा. नवा कागद फाटतो तो बहुतेक खालच्या दगडाने.

तळे भरणार कशाने, हा प्रश्न अर्ज करतानाच विचारा. रानावर पडलेल्या ५०० मिमीपैकी पाचवा भाग वाहून येतो असे धरले तर २,१९६ घनमीटर गोळा करायला साडेपाच एकर उतार लागतो. तुमच्याकडे सहा एकर आहे, म्हणजे पाऊस बरा झाला तर गणित जेमतेम बसते, कमी झाला तर नाही. मग विहीर उपसून तळे भरले जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विहीर काठाला आहे, नाला वाहतो आहे, तेव्हा उपसून भरले तर कोणाचे नुकसान नाही, कारण ते पाणी पुढे वाहूनच जाणार होते. डिसेंबर-जानेवारीत विहिरीतून तळे भरणे म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे भूजल उघड्यावर आणून उन्हात ठेवणे. चांदवड, सिन्नर, देवळ्याकडे हे सर्रास चालते आणि त्यामुळे गावोगावी विहिरी लवकर आटतात. हे करू नका.

बाष्पीभवनाचा आकडा मांडला की कारण दिसते. फेब्रुवारी ते मे सरासरी रोज ८ मिमी पाणी उडते असे धरा. भरलेल्या तळ्यावरून रोज ७,००० लिटरच्या आसपास जाते, आणि पाणी उतरेल तसे क्षेत्र घटते म्हणून चार महिन्यांत ढोबळ ७ लाख लिटर. उरले १५ लाख. दोन एकरांना रोज २४,००० लिटरने ते ६२ दिवस पुरते, एका एकराला १२५ दिवस. म्हणजे आंबे बहार (फळवाढ उन्हाळ्यात) धरायचा असेल तर या तळ्यावर एकच एकर लावा. दोन एकर हवेच असतील तर मृग बहार धरा, कारण त्यात कडक उन्हाळ्यात झाडाला ताणच द्यायचा असतो आणि फळवाढ पावसाळ्यात येते. त्याची किंमत म्हणजे ओल्या हवेत तेल्या (तेलकट डाग) रोगाचा धोका वाढतो, त्याची तयारी ठेवावी लागते. माझा कौल एका एकराने सुरुवात करून पाणी पाहून वाढवण्याला.

प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्याला चारही बाजूंनी कुंपण, कुलूप लागणारे दार आणि आत चार ठिकाणी गाठी मारलेले दोर सोडणे याला पर्याय नाही. ओल्या प्लास्टिकच्या उतारावरून माणूस वर येऊ शकत नाही, पोहता येणाराही नाही. लहान मुले असलेल्या वस्तीवर कुंपण होईपर्यंत तळ्यात पाणी घेऊ नये.

अर्जाचा क्रम महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या अर्जाचे संकेतस्थळ) सगळ्या घटकांना एकच आहे. शेतकरी ओळख क्रमांक आणि आधारला जोडलेले बँक खाते लागते. अर्ज, निवड, कागदपत्रे चढवणे, जागेची पाहणी, पूर्वसंमती, काम, मोका तपासणी, मग अनुदान. पूर्वसंमतीच्या तारखेआधी खोदकाम केले किंवा ठिबकचे बिल काढले तर ते अनुदानातून बाद होते. सर्वांत जास्त प्रकरणे इथे बुडतात. ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना राज्याची भर धरून ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळते, तेही ठरवून दिलेल्या खर्चाच्या मर्यादेत, दुकानदाराच्या बिलावर नाही. सातबारा सामाईक असेल तर सहधारकांचे संमतीपत्र आधीच तयार ठेवा. जुन्या विहिरीची सातबारावर नोंद नसेल तर तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) ती आधी लावून घ्या, नाहीतर ठिबकच्या अर्जात पाण्याचा स्रोत दाखवता येत नाही. पीक पाहणीही त्या हंगामाची लागलेली असू द्या.

मुरमाड जमिनीसाठी गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनाही बघा. पात्र शेतकऱ्याला गाळ वाहून पसरण्यासाठी अडीच एकरांपर्यंत कमाल ३७,५०० रुपये मिळतात. पण गाळाचा नमुना आधी तपासा. चुनखडीचा किंवा क्षारट गाळ आणून टाकला तर रान सुधारण्याऐवजी बिघडते. डाळिंबाच्या ओळीत जाड थर देऊ नका. पाणी साचून मुळे कुजतात आणि मर रोग वाढतो. उरलेल्या चार एकरांत, जिथे बाजरी-कांदा घेता, तिथे तो टाका.

गावपातळीवर दोन ठिकाणी विचारा. ग्रामपंचायतीत अटल भूजल किंवा जलयुक्त शिवारचा आराखडा झाला असेल तर त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद असतो. तो मागून तुमचा नाला त्यात आहे का पाहा. नसेल तर ग्रामसभेत लेखी द्या. आणि देवनदीवरच्या ब्रिटिश काळातल्या वळण बंधाऱ्यांचे पाट जिथून जातात त्या गावांनी पाट दुरुस्त ठेवणे कोणत्याही नव्या बोअरपेक्षा स्वस्त पडते, कारण पावसाळ्यात पाटातून फिरलेले पाणी थेट विहिरींना उतरते.

वेळापत्रक असे धरा. ऑक्टोबरच्या शेवटी विहिरीची पातळी स्वतः मोजून लिहा, दोरीला वजन बांधून जमीन ते पाणी किती मीटर, आणि मेपर्यंत दर महिन्याला तीच नोंद. नोव्हेंबरमध्ये भूजल कार्यालयात अर्ज, त्याच महिन्यात माती व पाण्याचे नमुने. डिसेंबरात अहवाल हातात घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) रानात बोलवा, तळ्याची जागा नाल्याच्या पात्रात येणार नाही अशी दोघांनी मिळून आखा, आणि महाडीबीटीवर अर्ज करा. पूर्वसंमती वेळेत आली तर खोदकाम एप्रिलमध्ये, अस्तर मेच्या मध्यापर्यंत. ते मेअखेरीस सरकले तर कागद तसाच गुंडाळून ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात अंथरा, कारण वळवाच्या सरीने ओल्या झालेल्या कडांवर बसवलेला कागद खालची माती बसली की ताणून फाटतो.